ढगावरची वही

हल्ली कुणालाही विचारा, "अमुक जपून ठेवलंयस ना रे?" तर उत्तर ठरलेलं असतं. "क्लाउडवर आहे ना!" आणि हे उत्तर इतक्या निश्चिंतपणे येतं की पुढे काही विचारायची सोय राहत नाही. आता कोकणात जन्म काढलेल्या माणसाला ढगाचा भरवसा कुणी देऊ नये. आमचे ढग मृगाला येतो म्हणतात, कधी येतात, कधी येत नाहीत, आणि हस्ताला गडगडाट करून निघून जातात. पण ते असो. मला आज लिहायचं आहे ते समुद्राखाली बुड्या मारणाऱ्यांच्या वहीबद्दल. स्कूबा डायव्हिंगचं लॉगबुक म्हणतात ते.

माझ्या वयाच्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असं आमच्या नातेवाइकांना वाटेल. मी स्वतः विहिरीत सूर मारण्यापलीकडे कधी गेलो नाही, आणि आता तर न्हाणीघरात जातानाही भिंतीला हात लावून जातो. पण आमची थोरली नात हा उद्योग करते, आणि माझा एक जुना विद्यार्थी मालवणात याच उद्योगावर पोट भरतो. दोघांच्याही वह्यांचं जे झालं ते मी जवळून पाहिलं आणि माझं एक मत झालं. ते मांडतो. न पटलं तर खाली लिहा, नेहमीसारखं.

आधी ही वही काय असते ते सांगतो, कारण मलाही समजायला वेळ लागला. दर बुडीनंतर (नात 'डाइव्ह' म्हणते, मी बुडीच म्हणणार) पाणबुड्याने नोंद करायची असते. तारीख, जागा, किती खोल गेलो, किती मिनिटं होतो, टाकीत सुरुवातीला हवेचा दाब किती होता आणि वर आलो तेव्हा किती उरला, पाणी किती थंड होतं, कमरेला शिसं किती बांधलं होतं, बरोबर कोण होतं, काय दिसलं. खाली जोडीदाराची किंवा प्रशिक्षकाची सही. मला हे सगळं वाचून आमची पाठटाचणवही आठवली. तशीच ती कुणाला लिहावीशी वाटत नाही आणि तशीच ती साहेब आल्यावर लागते.

यातल्या खोलीला आणि मिनिटांना महत्त्व का, तर समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. अठरा मीटरवर तो जमिनीवरच्या जवळजवळ पावणेतीनपट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून बुडी संपली तरी हिशेब संपत नाही. दुसरी बुडी कधी मारायची, विमानात कधी बसायचं (अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास थांबा असं सांगतात), हे सगळं आधीच्या नोंदीवर. आणि एखाद्याचे सांधे दुखायला लागले, हातपाय बधिर झाले, तर डॉक्टरचा पहिला प्रश्न हाच असतो की गेल्या दोन-तीन दिवसांत किती खोल, किती वेळ, किती वेळा.

पूर्वी हे खोलीमापक, घड्याळ आणि छापील कोष्टकं यांवर चालायचं. १९८३ साली 'ऑर्का एज' नावाचा डाइव्ह कॉम्प्युटर बाजारात आला, आणि पुढे ही यंत्रं आकसत आकसत मनगटावर बसली. आता ते मनगटावरचं यंत्रच दर काही सेकंदांनी खोली टिपून ठेवतं. वर आल्यावर ब्लूटूथने मोबाइलमध्ये नोंद उतरते, मोबाइलमधून ढगावर जाते, ढगावरून घरच्या लॅपटॉपवर येते. याला सिंक करणं म्हणतात. आमच्या घरात हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुंबलं का?"

तर आधी विद्यार्थ्याची गोष्ट.

हा मुलगा (मुलगा कसला, चाळिशी गाठली आता) रापणकर घरातला. वर्गात बाकावर कमी आणि खिडकीत जास्त असायचा. मालवणला पर्यटक पाण्याखाली जायला लागले तसा तोही या धंद्यात शिरला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना दोन्ही हातांनी धरून खाली न्यायचं, पोवळी नि मासे दाखवायचे, व्हिडिओ काढायचा, वर आणायचं. हंगामात दिवसाला किती फेऱ्या होतात ते त्याचं त्यालाच माहीत. समुद्राचा तळ त्याला घरच्या परसासारखा ठाऊक आहे. पण काही वर्षांपूर्वी त्याला वाटलं की आपणही रीतसर परीक्षा देऊन प्रशिक्षक व्हावं, अंदमानात किंवा मालदीवला जावं, चार पैसे जास्त मिळतील. तिथे त्याला पहिली गोष्ट विचारली ती म्हणजे वही.

वही नव्हतीच. पॅडी या संस्थेच्या नियमाप्रमाणे 'डाइव्हमास्टर'चा अभ्यासक्रम सुरू करायला चाळीस नोंदलेल्या बुड्या लागतात, तो पुरा करायला साठ, आणि प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसायला शंभर. शब्द नीट वाचा, 'नोंदलेल्या'. मारलेल्या नव्हे. या पठ्ठ्याने शेकड्यांनी मारलेल्या आणि नोंदलेली एकही नाही. मला फोन करून म्हणाला, "सर, आठवून आठवून लिहून काढू काय?" मी म्हटलं, "लिहिशील, पण ती तुझी वही होणार नाही, ती कादंबरी होईल." मग त्याने काय करावं? त्याच संध्याकाळी मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं, आणि त्या दिवशीच्या बुडीला 'क्रमांक १' दिला. इतकी वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाने एकपासून सुरुवात करावी, हे मला वाटतं मोठं काम आहे. मला जमलं नसतं.

याच्याच बाबतीत सिंक कसं उपयोगी पडलं तेही सांगायला हवं, नाहीतर म्हातारा नव्या गोष्टींच्या नावाने बोटं मोडतो असं व्हायचं. तो साठीच्या पुढे गेला असेल-नसेल तेव्हा होडीच्या काठावरून त्याचा मोबाइल पाण्यात गेला. गंमत म्हणजे दोन दिवस शोधूनही तो मोबाइल या पाणबुड्याला सापडला नाही. पण नवा मोबाइल घेतला, आपलं नाव आणि पासवर्ड घातला आणि सगळ्या नोंदी जशाच्या तशा उतरल्या. हे कागदी वहीला जमलं नसतं. कागदी वही खाऱ्या पाण्यात गेली की गेली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने वर आणून दिल्या असं आपण मानतो, पण अरबी समुद्राची तशी ख्याती नाही. तेव्हा यंत्र हरवलं, फुटलं, भिजलं, चोरीला गेलं, तर सिंकसारखा मित्र नाही, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

आता नातीची गोष्ट ऐका.

तिने तारकर्लीला शिकून सुरुवात केली. पहिल्या दोन अभ्यासक्रमांच्या मिळून नऊ बुड्या तिथल्या छापील वहीत प्रशिक्षकाच्या सहीनिशी आहेत. मग तिने स्वतःचं मनगटी यंत्र घेतलं, आणि दहाव्या बुडीपासून सगळं त्या यंत्राच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये. आधीच्या नऊही तिने हाताने त्यात भरल्या. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, मग अंदमानात हॅवलॉक (२०१८पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे), मग मालदीव. त्रेचाळीस झाल्या. सुट्टीत डाइव्हमास्टर करायचं ठरलं. सगळं मोबाइलवर, लॅपटॉपवर आणि ढगावर. तीन ठिकाणी. म्हणजे सुरक्षित. असं तिला वाटत होतं आणि तिच्या बापालाही वाटत होतं, जो पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो.

मग तिने नवा मोबाइल घेतला आणि जुना धाकट्या भावाला दिला. भाऊ अकरा वर्षांचा. त्याला खेळासाठी जागा हवी होती. जुन्या मोबाइलमध्ये ताईचं अ‍ॅप होतं, त्यात खूप काही भरलेलं होतं, आणि ते आता ताईच्या नव्या मोबाइलवर आहेच हे त्याला माहीत होतं. त्याने सगळ्या नोंदी निवडल्या आणि काढून टाकल्या. तसं पाहिलं तर त्याचा तर्क चुकीचा नव्हता. दोन वह्या आहेत, त्यातली एक रद्दीत टाकली तर दुसरी उरते, हे कोणत्याही शहाण्या मुलाने म्हणावं. पण सिंकच्या जगात दोन वह्या नसतातच. एकच वही असते आणि ती अनेक खिडक्यांतून दिसते. एका खिडकीतून हात घालून पान फाडलं की ते सगळ्या खिडक्यांतून नाहीसं होतं. रात्री वायफायला मोबाइल लागला. सकाळी नातीने आपला मोबाइल उघडला तर शून्य बुड्या.

कंपनीला पत्र गेलं. चार दिवसांनी सभ्य उत्तर आलं की वापरकर्त्याने स्वतः काढलेली माहिती परत मिळत नाही. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण अशी उत्तरं देणाऱ्या पुष्कळ आहेत.

मग सुरू झाली शोधाशोध. मनगटी यंत्राच्या पोटात काही नोंदी असतात, पण त्याची जागा मर्यादित. भरली की सर्वांत जुनी पुसून नवी लिहितं. त्यात शेवटच्या सव्वीस सापडल्या. नऊ कागदावर होत्या. म्हणजे पस्तीस झाल्या. मधल्या आठ, दहा ते सतरा, बुडीत खात्यात! चाळीस हव्या होत्या. पाच बुड्यांसाठी अंदमानचं विमान नि मुक्काम नि होडी धरून काय खर्च येतो ते तिच्या बापाने मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, कारण तिची आजी हा ब्लॉग वाचते.

शेवटी त्यातल्या सहा तिच्या जोडीदार मैत्रिणीच्या कागदी वहीत सापडल्या. त्या मुलीला हस्ताक्षराचा नाद. जागा, वेळ, खोली, बरोबर कोण, सगळं वळणदार अक्षरात, आणि शेजारी नातीची सहीसुद्धा. नव्या प्रशिक्षकाने ती वही पाहिली, एकदा तिच्याबरोबर पाण्यात उतरून तिचं कौशल्य पाहिलं आणि मान्य केलं. काम झालं. पण दोन बुड्या कायमच्या गेल्या. त्यातल्या एकीत तिने पहिल्यांदा कासव पाहिलं होतं. आणि यंत्रातून परत आलेल्या त्या सव्वीसही अर्ध्याच आल्या, हे मला जास्त लागलं. यंत्राला खोली आणि वेळ कळते. त्या दिवशी शिसं एक किलो जास्त झालं म्हणून दमछाक झाली, उजवा कान दुखला, प्रवाह उलटा होता, खडकाखाली ईल होता, हे तिने हाताने लिहिलेलं होतं. ते यंत्रात कधीच गेलेलं नव्हतं. परत आल्या त्या नुसत्या वाकड्या रेघा. तापाच्या तक्त्यासारख्या.

यावरून माझं म्हणणं एवढंच आहे की सिंक आणि राखीव प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना एकच समजायची जी सवय आपल्याला लावली गेली आहे ती घातक आहे. सिंकचं काम सगळीकडे सारखं करणं. त्याला बरोबर-चूक कळत नाही. तुम्ही लिहिलंत तर सगळीकडे लिहील, पुसलंत तर तितक्याच इमानाने सगळीकडे पुसेल. राखीव प्रतीचं काम नेमकं उलट. तिने मूळ प्रतीच्या मागे धावायचं नाही. काल जशी होती तशीच आज राहायचं. ती जुनी असते हा तिचा दोष नव्हे, तेच तिचं काम.

हे मला संगणकाने नाही शिकवलं, शाळेने शिकवलं. प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते आणि ते कायम जपायचं असतं. हजेरीपट रद्दीत जातात, उत्तरपत्रिका जातात, रजिस्टर जात नाही. साठीतला माणूस येऊन म्हणतो, गुरुजी, जन्मतारखेचा घोळ झालाय, पेन्शन अडली आहे, आणि मग धूळ झटकून त्याची ओळ काढावी लागते. त्या रजिस्टरात चूक झाली तर खोडरबर चालत नाही. मोठ्या चुकीला वरून मंजुरी आणावी लागते. लाल शाईने छेद द्यायचा, चुकलेलं वाचता आलं पाहिजे असा, आणि शेजारी दुरुस्ती, तारीख, सही. म्हणजे काय होतं ते, काय झालं ते आणि कुणी केलं ते, तिन्ही कळतं. मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे मुख्याध्यापक आणखी एक गोष्ट करायचे. दर मे महिन्यात वर्षभराच्या ओळी दुसऱ्या वहीत उतरवून घ्यायचे, आणि ती वही शाळेत ठेवत नसत. छप्पर नळ्याचं होतं. आम्ही तरुण मास्तर कुरकुरायचो, सुट्टीत कारकुनी कशाला म्हणून. त्यांना 'बॅकअप' हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आणि पाणबुड्यांच्या जगात ही लाल शाईची युक्ती खरोखर कुणीतरी केलेली आहे, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. लिनक्स बनवणारे लिनस टोरवाल्ड्स हे स्वतः हौशी पाणबुडे. बाजारातली नोंदवह्यांची सॉफ्टवेअर त्यांना पसंत पडेनात म्हणून २०११ साली त्यांनी 'सबसरफेस' नावाची स्वतःचीच सुरू केली. पुढे ती डर्क होंडेल यांनी सांभाळली. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स आणि मोबाइल सगळीकडे चालते, आणि पुष्कळ कंपन्यांच्या मनगटी यंत्रांशी बोलते. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी 'गिट' नावाची पद्धत तयार केली होती, ज्यात प्रत्येक बदल आधीचं न पुसता पुढे नोंदवला जातो. सबसरफेसची ढगावरची वही याच गिटमध्ये ठेवलेली असते. म्हणजे एखाद्या अकरा वर्षांच्या भावाने बुड्या उडवल्या तरी मागच्या पानावर त्या असतात. त्या परत काढणं जरा जाणकाराचं काम आहे, पण काढता येतात. शिवाय तुमच्या यंत्रावरही वहीची प्रत असते, त्यामुळे बेटावर नेटवर्क नसलं तरी लिहिता येतं आणि किनाऱ्यावर आल्यावर मेळ घालता येतो.

हा मेळ घालणंही वाटतं तितकं सोपं नाही. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. मनगटावरच्या यंत्राची वेळ बदलली आणि लॅपटॉपची नाही, तर एकच बुडी दोनदा दिसू शकते, सकाळी नऊला एक आणि साडेनऊला एक. कधी मोबाइलवर शेरा लिहिलेला असतो आणि लॅपटॉपवर वेगळा, मग खरा कोणता? यंत्र म्हणतं नंतरचा तो खरा. पण नंतरचा म्हणून खरा, हे कुणी ठरवलं? ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलता नकलता फाटे फुटले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, बसून पाठशुद्धी केली. सर्वांत अलीकडची नक्कल उचलून तीच बरोबर असं काही त्यांनी म्हटलं नाही. आपल्या चाळीस-पन्नास बुड्यांसाठी नाथांसारखं बसायची गरज नाही, पण वर्षातून एकदा वही उघडून दुबार नोंदी कुठे झाल्यात ते माणसाने पाहावं.

मी हे सगळं बोललो तेव्हा मुलाचं म्हणणं असं, की बाबा, मोठ्या कंपन्यांची इमारत तुमच्या गोदरेजच्या कपाटापेक्षा पक्की असते. खरं आहे. कपाटात वाळवी शिरते हे मी पाहिलंय. पण इमारती जळतात. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या कंपनीचं माहितीकेंद्र आगीत गेलं, आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांच्यापैकी अनेकांचं सगळं गेलं. जुलै २०२० मध्ये गार्मिन या कंपनीवर (ती पाणबुड्यांची घड्याळंही बनवते) खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि काही दिवस लोकांना आपल्याच नोंदी मिळेनात. त्या परत मिळाल्या हे नशीब. आणि आग नाही, हल्ला नाही, नुसता कंपनीने निर्णय घेतला की हे दुकान आता बंद, तरी तेच. आपल्या ब्लॉगवाल्यांना हे मी काय सांगावं? २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं, २०१४ मध्ये ऑर्कुट. तिथे मराठीत काय काय लिहिलेलं होतं!

म्हणून माझा आग्रह असा की वही कंपनीच्या भाषेत ठेवू नये. यंत्र कुणाचंही घ्या. पण त्यातून नोंदी बाहेर काढून कुणालाही वाचता येतील अशा रूपात ठेवा. यूडीडीएफ नावाचा एक सर्वांसाठी खुला साचा आहे, बरीच सॉफ्टवेअर तो वाचतात. तेही नको तर साधा तक्ता करा, ओळी आणि रकाने. अ‍ॅप निवडताना मी नातीला एकच प्रश्न विचारायला सांगतो की माझी वही मला घरी नेता येते का? "अ‍ॅपमध्येच बघा" असं उत्तर आलं तर ते दुकान सोडावं.

प्रती किती, यावर जाणकारांचा एक प्रसिद्ध नियम आहे, छायाचित्रकार पीटर क्रो यांनी सांगितलेला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मी त्यात माझी मास्तरकीची भर घालतो. अधूनमधून त्यातली एक उघडून पाहा. कपाटातल्या पेनड्राइव्हवर काय आहे ते न बघता "आहे, आहे" म्हणणं आणि पुस्तक न उघडता "झालाय अभ्यास" म्हणणं यात मला फरक दिसत नाही.

आणि एक गाऱ्हाणं आमच्या किनाऱ्यासाठी. मालवण-तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकाला बुडीनंतर व्हिडिओ मिळतो, तो गावभर दाखवतो. त्याबरोबर एक चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? किती खोल नेलं, किती मिनिटं, शिसं किती, नेणारा कोण. रात्री त्या पाहुण्याचा कान दुखायला लागला तर डॉक्टरला दाखवायला काहीतरी असेल. आणि त्या चिठ्ठीची स्थळप्रत नेणाऱ्या पोराकडे राहिली, तर दोन हंगामांत त्याचीही वही उभी राहील, त्याला चाळिशीत एकपासून मोजायची वेळ येणार नाही. पावसाळ्यात चार महिने धंदा बंद असतो. तेवढ्यात त्या स्थळप्रती एका तक्त्यात उतरवणं हे दहावी झालेल्या कुणाही मुलाचं काम आहे. मी माझ्या त्या विद्यार्थ्याशी बोललो आहे. तो म्हणाला, "सर, चिठ्ठी फाडूक वेळ खंय असता?" पण नाही म्हणाला नाही.

आमच्याकडे आता अशी व्यवस्था आहे. नात जुने-नवे सगळे सबसरफेसमध्ये ठेवते, सिंकही करते. त्याशिवाय दर महिन्याच्या एक तारखेला ती मला एक फाइल पाठवते. ती मी पेनड्राइव्हवर त्या महिन्याच्या नावाने उतरवून ठेवतो. मागच्या महिन्याचीवर चढवत नाही, बाजूला ठेवतो. तीन महिन्यांनी छापून घेतो आणि गावातल्या घरी, म्हणजे पुण्यापासून लांब, पत्र्याच्या पेटीत ठेवतो. छापताना वाचतोही, ती सवय कशी जाईल! शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवतो, खोडत नाही. गेल्या खेपेच्या कागदात तिची अठ्ठावन्नावी बुडी आहे. शेऱ्यात लिहिलंय, 'पाणी गढूळ. काही दिसलं नाही. थंडी वाजली.' 'गढूळ'चा ढू तिने र्‍हस्व काढला होता. तेवढं दुरुस्त केलं आणि कागद पेटीत ठेवला.